नळीचं हाड

चांदरी मेली त्या साली
माझ्या हनुवटीचे टाके नुकतेच सुटले होते.
लाथ तिनंच घातलेली, उजव्या मागच्या पायाची.
दूध सांडलं, रक्त सांडलं,
आईनं आधी चरवी उचलली, मग मला.

तिला न्यायला अथणीच्या खालच्या गल्लीतून लगमण्णा आला,
सोबत दोघं, दोर, एक लांब बांबू.
आप्पा दारात. हातात मोडका वस्तरा:
पातं जुनं, आजोबांच्या धोकटीतलं,
मूठ मात्र उन्हानं तडकून दोन तुकडे.

"हाड मिळंल का?"
लगमण्णा थांबला. कपाळ पुसलं.
"हाडु? म्हस मेलीया, आन् तुमास्नी गाणं पायजे?"
त्याच्या कन्नडात हाडु म्हणजे गाणं.
आमच्यात हाड म्हणजे हाड,
नाहीतर कुत्र्याला हाकलायचा शब्द.
तिघं हसले. आप्पा जरा उशिरा हसले.

नळी त्यानं राखेच्या पाण्यात उकळली,
मंद, दोन दिवस.
चरबी राहिली तर मूठ पिवळी पडते, उन्हाळ्यात घाम सोडते.
फार उकळली तर खडू होते.
मग महिनाभर छपराखाली, सावलीत.
मी शाळा चुकवून जायचो.
करवत चालली की केस जळल्यासारखा वास,
आणि तोंडाला फडकं बांधलेला तो:
"लांब बस. ही धूळ छातीत घर करतिया."

दोन फळ्या, करंगळीएवढ्या,
कानशीनं हळूच बाक दिलेल्या.
पितळेच्या तीन खिळ्या, टोकं ठोकून फुलवलेली.
शेवटी चपलेच्या उरलेल्या कातड्यानं घासून घासून
इतक्या गुळगुळीत की बोट थांबेना.
बारीक काळ्या रेघा तेवढ्या राहिल्या.
"रक्ताच्या वाटा," तो म्हणाला, "त्या जात न्हाईत."

"किती द्यायचे?"
"पैसं नगं."
त्यानं स्वतःच्या गालावरून हात फिरवला.
"सात दुकानांच्या मुठी केल्या मी.
एकबी वस्तरा हितं आला न्हाई."

आप्पांनी वस्तरा उचलला नाही.
घरापर्यंत माझा हात घट्ट धरून चालले,
एकदाही खाली बघितलं नाही.

पाच दिवस चुलत्याच्या वस्तऱ्यानं दुकान चाललं.
सहाव्या दिवशी, ऐन बाजारात,
लगमण्णा पुढच्या खुर्चीत, रस्त्याकडं तोंड करून.
गरम पाणी. निसण्यावर दोन हात, चामोटीवर वीस.
बाकावरचे दोघं उठून गेले,
त्यातला एक चपला घ्यायला परत आला,
त्याही लगमण्णानंच शिवलेल्या.
आप्पांचा हात थरथरत होता.
पुढं मरेपर्यंत त्यांनी ते कबूल केलं नाही.

वस्तरा खर्र, खर्र.
फेसाआडून, डोळे मिटून, लगमण्णा म्हणाला,
"ऐका. हाडु."

दुकान आता माझं.
अर्धं ब्लेड घाला, काढा, टाका.
रोग पसरत नाही म्हणतात, बरोबरच आहे.
हाडांचे ट्रक कुठं जातात, कोण अडवतं,
मला विचारू नका.
लगमण्णाचा नातू हुबळीत मोबाईल दुरुस्त करतो,
दाढी ठेवलीय त्यानं.

रविवारी दुकान बंद झालं की
माझी तेवढी मी त्या वस्तऱ्यानं करतो.
कुठल्या पायाची नळी, ते कधी विचारलं नाही.
उजव्या मागच्याचीच, असं धरून चाललोय.
हनुवटीच्या खाचेपाशी आलं की मनगट आपोआप सावध होतं.
जागा तिच्या ओळखीची.
तरी तिथं एक केस राहतोच.